कै. डॉ. विक्रम अंबालाल साराभाई

राष्ट्राराष्ट्रांतील मैत्री म्हणजे काय, हें सोलापूरच्या मुलांस निराळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. ज्या नगरांत १९१० सालीं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला, ज्या नगराचा हा सुपुत्र १९३८ सालीं चीन देशांतील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेला आणि १९४२ सालीं त्याच परक्या भूमींत चिरविश्रांति पावला, त्या नगरांत एका देशानें दुसऱ्या देशास हात देण्याचें मोल घरोघरीं ठाऊक आहे. परंतु अशा मैत्रीचें आणखी एक क्षेत्र आहे, आणि तें भूमीवर नसून मेघमंडळाच्याहि फार वर आहे. त्या क्षेत्रांत आपल्या देशाचा हात ज्यांनीं प्रथम पुढें केला, त्या डॉ. विक्रम अंबालाल साराभाई यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाकडे वळण्यास एक कारण घडलें. २०२५ सालच्या जून महिन्याच्या २५ तारखेस आपल्या वायुदलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला हे अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांतून, अमेरिकन यानांत बसून, एक अमेरिकन, एक पोलिश व एक हंगेरियन अशा तिघां सहप्रवाशांसह आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाले. त्या वार्तेनें सर्वत्र आनंद झाला. पण त्या आनंदांत एक शंकाहि मनांत उभी राहते. यान दुसऱ्याचें, स्थानक दुसऱ्यांचें, मग यांत आपलें असें काय? शेजाऱ्याच्या गाडींत बसून जत्रेस गेल्यासारखेंच हें नव्हे काय? आम्हांस ही शंका रास्त वाटते, व तिचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां एका माणसाच्या आयुष्यावरून देणें अधिक बरें, असें आम्ही समजतों.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजीं अहमदाबाद येथें झाला. त्यांचे वडील अंबालाल साराभाई हे त्या शहरांतील मोठे गिरणीमालक. कॅलिको मिल ही त्यांच्या घराण्याची. सोलापूरप्रमाणेंच अहमदाबादहि त्या काळीं कापडगिरण्यांचें शहर होतें; तेव्हां गिरणीच्या भोंग्याबरोबर जागें होणारें गांव कसें असतें, हें आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नकोच. विक्रमभाईंच्या जन्मापूर्वी एकच वर्ष, म्हणजे १९१८ सालीं, अहमदाबादेंत गिरणीकामगारांचा प्रसिद्ध संप झाला. महात्मा गांधी त्या संपाचे पुढारी होते, आणि कामगारांच्या बाजूनें त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन या अंबालालांच्या सख्ख्या भगिनी होत्या. मालकांचा पुढारी भाऊ आणि मजुरांची कैवारी बहीण, असा हा प्रसंग. तरीहि त्या घराचीं दारें ना गांधीजींस बंद झालीं, ना अनसूयाबेनना. मतें भिन्न असलीं तरी माणसें तोडूं नयेत, हा धडा विक्रमभाईंस पुस्तकांतून नव्हे, तर घरच्या वातावरणांतूनच मिळाला असला पाहिजे. पुढें परस्परांचे वैरी असलेल्या राष्ट्रांस त्यांनीं एकाच वाळूच्या किनाऱ्यावर कामास लाविलें, त्याचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

अंबालाल व सरलादेवी या दांपत्यास आठ अपत्यें होतीं. त्यांच्यासाठीं आईबापांनीं आपल्या बंगल्याच्या आवारांतच एक शाळा चालविली होती. तींत पाठांतरापेक्षां हातानें करून पाहण्यावर अधिक भर असे. रवींद्रनाथ टागोरांसारखे थोर पाहुणे त्या घरीं येत, आणि मुलें त्यांच्या सहवासांत वाढत. श्रीमंतीनें मूल बिघडतें असें आपण म्हणतों. पण श्रीमंतीस शिस्त आणि विचार यांची जोड मिळाली म्हणजे तीच संपत्ति देशाच्या उपयोगीं पडते, याचें हें घराणें उत्तम उदाहरण होय. विक्रमभाईंच्या थोरल्या भगिनी मृदुलाबेन यांनींहि स्वातंत्र्याच्या चळवळींत भाग घेऊन कारावास सोसला होता.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत कांहीं काळ शिकून विक्रमभाई इंग्लंडांत केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाले, आणि १९४० सालीं तेथील निसर्गविज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण झाले. इतक्यांत दुसरें महायुद्ध भडकलें होतें. तेव्हां ते स्वदेशीं परतले व बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधन करूं लागले. त्यांचा विषय होता विश्वकिरण. अंतराळाच्या खोल भागांतून अत्यंत वेगवान असे सूक्ष्म कण अहोरात्र पृथ्वीवर येत असतात. त्यांची संख्या वेळेनुसार व स्थळानुसार कशी बदलते, आणि त्या बदलांशीं सूर्याचा व पृथ्वीच्या चुंबकत्वाचा काय संबंध आहे, याचा शोध ते घेत होते. १९४२ सालीं त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं प्रख्यात नर्तकी मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. उपकरणें घेऊन ते काश्मीरच्या उंच डोंगरांवरहि गेले. युद्ध संपल्यावर ते पुन्हां केंब्रिजला गेले आणि १९४७ सालीं तेथील डॉक्टरेट ही पदवी घेऊन परतले.

त्या वर्षीं आपला देश स्वतंत्र झाला. विक्रमभाईंचें वय तेव्हां अठ्ठावीस वर्षांचें होतें. घरची गिरणी होती, सुखाचें जीवन समोर होतें. परंतु त्यांनीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत अहमदाबादेंत फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी ही संशोधनसंस्था सुरू केली. तिची पहिली जागा म्हणजे एका कॉलेजांतील कांहीं खोल्या. कापडधंद्यास शास्त्राची जोड मिळावी म्हणून 'अतिरा' ही कापडसंशोधनाची संस्थाहि त्यांच्याच प्रयत्नानें उभी राहिली. पुढें व्यवस्थापनशास्त्राचें शिक्षण देणारी अहमदाबादची प्रसिद्ध संस्था १९६१ सालीं स्थापन झाली, तींतहि त्यांचाच पुढाकार होता. एक माणूस किती निरनिराळीं बीजें पेरूं शकतो, याचें नवल वाटतें. त्यांची रीत अशी होती कीं, प्रथम योग्य माणूस शोधावयाचा, मग त्याच्यावर विश्वास टाकावयाचा, आणि त्यास मोकळेपणानें काम करूं द्यावयाचें. इमारत, यंत्रें व पैसा हीं त्यांच्या मतें मागाहून येणारीं साधनें होतीं.

इकडे जगांत एक नवें युग सुरू झालें. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला, आणि १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन हा पहिला मानव पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप परत आला. रशिया व अमेरिका यांच्यांत जणूं शर्यतच लागली. अशा वेळीं भारतानें काय करावें? ज्या देशांत लक्षावधि लोक अर्धपोटीं होते, ज्याच्या खेड्यांत दिवाबत्तीची सोय नव्हती, शाळा नव्हत्या, त्यानें आकाशाकडे पाहणें हें अनेकांस चैनीचें वाटलें. हा आक्षेप वावगा नव्हता, व विक्रमभाईंनींहि तो कधीं हंसण्यावारी नेला नाहीं. चंद्रावर जाण्यांत किंवा मानवास अंतराळांत धाडण्यांत धनवान राष्ट्रांशीं चढाओढ करण्याचा आपला मुळींच विचार नाहीं, ही भूमिका त्यांनीं प्रथमपासून घेतली. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, पाऊसपाण्याचें ज्ञान, दूरच्या खेड्याशीं दळणवळण व शिक्षणाचा प्रसार हे आमचे प्रश्न मोठे आहेत, आणि मोठ्या प्रश्नांस जगांतील उत्तमांत उत्तम साधनेंच लावलीं पाहिजेत. जुनाट साधनांनीं काम चालविणें ही गरिबास परवडणारी गोष्ट नव्हे.

१९६२ सालीं भारत सरकारनें अंतराळसंशोधनासाठीं एक राष्ट्रीय समिति नेमली व तिचें अध्यक्षपद विक्रमभाईंकडे आलें. आतां प्रश्न होता साधनांचा. अग्निबाण आपल्यापाशीं नव्हता, तो बनविण्याची विद्या नव्हती, शिकलेले कारागीर नव्हते. मागावयाचें तर कोणत्या तोंडानें? येथेंच त्यांच्या बुद्धीची खरी चमक दिसते. आपल्यापाशीं काय नाहीं याची यादी करीत न बसतां, जगास हवें असें आपल्यापाशीं काय आहे, याचा त्यांनीं विचार केला.

तें काय होतें, हें थोडें समजावून सांगितलें पाहिजे. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबकच आहे. होकायंत्राची सुई जशी उत्तरदक्षिण राहते, तशी ती वर किंवा खालीं मुळींच न कलतां सपाट राहते अशा जागांची एक रेषा पृथ्वीभोंवतीं आहे. तिला चुंबकीय विषुववृत्त म्हणतात. या रेषेच्या वर सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा, विजेचा एक प्रवाह आकाशांत वाहत असतो. त्याचा अभ्यास करणें फार अवघड. फुग्यांतून पाठविलेलीं उपकरणें तेथवर पोंचत नाहींत, आणि उपग्रह त्याहून वर फिरतात. मधल्या या थरांत शिरून मापें घेण्यास लहान अग्निबाण हेंच एक साधन. आणि ही रेषा आपल्या देशाच्या दक्षिण टोंकाजवळून, केरळांतील तिरुवनंतपुरम् शहराजवळून जाते! जी जागा अमेरिकेस, रशियास, फ्रान्सास आपल्या घरीं मिळणें शक्य नव्हतें, ती निसर्गानें आपणांस दिली होती. विक्रमभाईंनीं जगास सांगितलें कीं, जागा आमची, आकाश सर्वांचें; तुम्ही साधनें घेऊन या, आमच्या तरुणांस शिकवा, आणि मिळेल तें ज्ञान सर्वांनीं वांटून घेऊं. ही भिक्षा नव्हती. हा बरोबरीच्या नात्याचा व्यवहार होता.

योग्य स्थळ पाहण्यासाठीं विक्रमभाई व त्यांचे सहकारी केरळचा किनारा हिंडले. त्यांत कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे प्रमुख होते, ही गोष्ट महाराष्ट्रास अभिमानाची आहे. अखेर थुंबा नांवाचें कोळ्यांचें लहानसें गांव पसंत पडलें. परंतु तेथें एक मोठी अडचण होती. त्या जागेवर कोळी कुटुंबांचीं घरें होतीं, आणि मध्यभागीं मेरी मॅग्दलीन या संतस्त्रीच्या नांवाचें, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांत प्रार्थना झाली असें त्यांचें चर्च होतें. सरकारच्या बळावर जागा घेणें अशक्य नव्हतें. पण विक्रमभाई तेथील बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांस जाऊन भेटले आणि आपला हेतु त्यांच्यापुढें ठेविला. बिशपांनीं तो रविवारच्या उपासनेच्या वेळीं आपल्या लोकांपुढें मांडला, आणि लोकांनीं संमति दिली, असें सांगतात. कोळ्यांस दुसरीकडे घरें व नवें चर्च बांधून देण्यांत आलें. जुनें चर्च न पाडतां त्यांतच अंतराळसंशोधनाचें पहिलें कार्यालय थाटण्यांत आलें. आज त्याच वास्तूंत अंतराळविषयक संग्रहालय आहे.

या प्रसंगीं आम्ही आमच्या वाचकांस थोडें थांबण्याची विनंति करितों. भारताच्या अंतराळकार्याचा इतिहास सांगतांना शास्त्रज्ञांचीं नांवें घेतलीं जातात, व तीं घेतलींच पाहिजेत. परंतु त्या कार्यास पहिली देणगी कोणीं दिली असेल, तर ती थुंब्याच्या निरक्षर कोळ्यांनीं. ज्या वाळूवर त्यांच्या बापजाद्यांनीं होड्या ओढल्या, ती वाळू त्यांनीं सोडली. सहकार्य हा शब्द मोठ्या सभांतून उच्चारला जातो. पण तें कोणाच्या तरी त्यागावर उभें असतें, आणि तो त्याग पुष्कळदां ज्यांचें नांव कोठेंहि लिहिलें जात नाहीं अशा माणसांचा असतो.

कार्यालय चर्चमध्यें, कारखाना शेजारच्या इमारतींत, अशा थाटांत काम सुरू झालें. अग्निबाणाचे भाग सायकलीवरून नेल्याचीं छायाचित्रें आजहि पाहावयास मिळतात. कांहीं तरुण अभियंते अमेरिकेंत शिक्षणास धाडण्यांत आले होते. पुढें राष्ट्रपति झालेले डॉ. अब्दुल कलाम त्यांत होते, आणि पुण्याचे प्रमोद काळे हेहि होते. २१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळीं थुंब्याहून पहिला अग्निबाण आकाशांत झेपावला व सुमारें २०० किलोमीटर उंच गेला. अग्निबाण अमेरिकेचा होता, त्यांतील सोडियमच्या वाफेचें उपकरण फ्रान्सचें होतें, आणि रशियानेंहि हेलिकॉप्टर व गणकयंत्र देऊन या केंद्रास साहाय्य केलें. वर गेल्यावर त्या वाफेचा नारिंगी ढग मावळत्या प्रकाशांत झळकला, आणि दूरदूरच्या लोकांनीं तो नवलानें पाहिला. त्या ढगाच्या वाहण्यावरून अतिउंचीवरील वाऱ्याची गति मोजतां येते.

येथें एक गोष्ट विसरूं नये. केवळ एकच वर्ष आधीं, १९६२ च्या ऑक्टोबरांत, क्युबा बेटाच्या प्रश्नावरून रशिया व अमेरिका अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. हेच दोन देश केरळच्या एका कोळीवाड्यांत एकाच कामास हातभार लावीत होते. संयुक्त राष्ट्रसंघानें या केंद्रास आश्रय दिला, आणि २ फेब्रुवारी १९६८ रोजीं पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनीं तें समारंभपूर्वक त्या संघास अर्पण केलें. ज्या देशापाशीं पंधरा वर्षांपूर्वीं एकहि अग्निबाण नव्हता, तो आतां सर्व राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा यजमान झाला.

मात्र विक्रमभाई दुसऱ्यांच्या साधनांवर विसंबून राहिले नाहींत. घेतलेली विद्या आपली करून दाखवावी, हा त्यांचा बाणा होता. २० नोव्हेंबर १९६७ रोजीं 'रोहिणी' हा भारतांत घडविलेला पहिला लहान अग्निबाण थुंब्याहून उडाला. अग्निबाणाचें घन इंधन येथेंच बनविण्यासाठीं डॉ. वसंत गोवारीकर परदेशांतील काम सोडून आले. १५ ऑगस्ट १९६९ रोजीं भारतीय अंतराळ संशोधन संघटना, म्हणजेच 'इस्रो', स्थापन झाली. मध्यंतरीं २४ जानेवारी १९६६ रोजीं डॉ. होमी भाभा यांचा विमान अपघातांत अंत झाला होता, आणि त्यांच्या मागें अणुशक्ति आयोगाच्या अध्यक्षपदाचा भारहि विक्रमभाईंवर पडला होता. १९६८ सालीं अंतराळाच्या शांततामय उपयोगाविषयीं व्हिएन्ना येथें राष्ट्रसंघाची परिषद भरली, तींतहि त्यांस मानाचें स्थान देण्यांत आलें.

त्यांच्या मनांतील सर्वांत आवडती योजना मात्र अग्निबाणाची नव्हती, ती खेड्यांतील शाळेची होती. उपग्रहाच्या द्वारें दूरचित्रवाणीचे पाठ थेट खेड्यांत पोंचवावे, म्हणजे जेथें शिक्षक जात नाहीं तेथें ज्ञान जाईल, असा त्यांचा विचार होता. त्यासाठीं सप्टेंबर १९६९ मध्यें त्यांनीं अमेरिकेच्या नासा या संस्थेशीं करार केला. उपग्रह अमेरिकेनें कांहीं काळ उसना द्यावयाचा; भूमीवरील यंत्रें, ग्राहक संच व कार्यक्रम हें सर्व भारतानें करावयाचें.

हें काम पुरें झालेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ३० डिसेंबर १९७१ रोजीं, थुंब्यापासून जवळच असलेल्या कोवळम् येथें, रात्रीं झोपेंतच त्यांचें प्राणोत्क्रमण झालें. वय अवघें ५२ वर्षांचें होतें. ज्या किनाऱ्यावर त्यांनीं पहिला अग्निबाण उडविला, त्याच किनाऱ्यावर त्यांनीं शेवटचा श्वास घेतला. सरकारनें १९६६ सालीं त्यांस पद्मभूषण दिलें होतें. मृत्यूनंतर पद्मविभूषण दिलें.

परंतु लावलेलें झाड माळ्याच्या मागें वाढत राहिलें. १९ एप्रिल १९७५ रोजीं 'आर्यभट' हा आपला पहिला उपग्रह रशियाच्या भूमीवरून, रशियन अग्निबाणानें आकाशांत गेला. त्याच वर्षीं १७ जुलै रोजीं अमेरिकेचें अपोलो व रशियाचें सोयूझ हीं यानें अंतराळांत एकमेकांस जोडलीं गेलीं, आणि दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रांच्या वीरांनीं तेथें हस्तांदोलन केलें. दोन राष्ट्रांच्या समानव यानांची ही पहिलीच भेट. त्या भेटीचे संदेश व चित्रें भूमीवर पोंचविण्याच्या कामीं जो अमेरिकन उपग्रह लाविला होता, तोच पुढील पंधरवड्यांत, १ ऑगस्ट १९७५ पासून, विक्रमभाईंच्या कराराप्रमाणें भारतांतील सहा राज्यांच्या सुमारें २४०० खेड्यांस पाठ देऊं लागला. आणि आमच्या वाचकांस ऐकून आनंद होईल कीं, त्या खेड्यांपैकीं कांहीं आपल्या सोलापूरच्या शेजारच्या विजापूर व गुलबर्गा या जिल्ह्यांत होतीं. आकाशांतील ज्या आरशानें अंतराळवीरांचें हस्तांदोलन जगास दाखविलें, त्याच आरशांतून आपल्या शेजारच्या खेड्यांतील मुलांनीं शेती, आरोग्य व शास्त्र यांचे धडे घेतले.

करार एका वर्षाचा होता. ३१ जुलै १९७६ रोजीं तो संपला, उपग्रह अमेरिकेनें परत नेला, आणि त्या खेड्यांतील पडदे बंद झाले. उसन्या वस्तूचें हें दुःख लपविण्यांत अर्थ नाहीं. मैत्रीनें मिळालेली वस्तु मैत्रीनेंच परत करावी लागते. पण त्या एका वर्षांत आपल्या लोकांस काम करतां येऊं लागलें होतें. पुढें इन्सॅट या मालिकेंतील उपग्रह आपल्या स्वतःच्या मालकीचे झाले. त्यांपैकीं एक, ऑगस्ट १९८३ मध्यें, चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानांतील वीरांनीं आकाशांत सोडला.

आणि ३ एप्रिल १९८४ रोजीं तो दिवस उगवला. आपल्या वायुदलाचे राकेश शर्मा हे दोन रशियन वीरांसह सोयूझ यानांतून सल्यूत स्थानकावर गेले व सुमारें आठ दिवस अंतराळांत राहिले. तेथून त्यांनीं भारतभूमीचीं छायाचित्रें घेतलीं, आणि भाररहित अवस्थेंत योगासनांचा शरीरास काय उपयोग होतो याचा प्रयोग केला. ज्यांनीं मानवी उड्डाणाच्या शर्यतींत उतरण्यास नकार दिला, त्याच विक्रमभाईंनीं घालून दिलेल्या मैत्रीच्या वाटेनें पहिला भारतीय अंतराळांत पोंचला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यानंतर मात्र आपल्या देशाच्या वतीनें दुसऱ्या वीरास तेथें जाण्यास ४१ वर्षें लागलीं. दुसऱ्याच्या यानांतून जावयाचें तर बोलावणें येईपर्यंत थांबावें लागतें; म्हणूनच 'गगनयान' या नांवानें आपलें स्वतःचें यान घडविण्याचें कार्य देशानें हातीं घेतलें. त्यासाठीं निवडलेल्या चौघां वीरांनीं रशियांतील गागारिन केंद्रांत शिक्षण घेतलें, आणि त्यांच्यापैकींच एक शुभांशु शुक्ला हे होत.

आतां आरंभींच्या शंकेकडे वळूं. यान दुसऱ्याचें असतां यांत आपलें काय? शुक्ला यांनीं आपल्याबरोबर भारतीय शास्त्रज्ञांनीं योजिलेले सात प्रयोग नेले होते. त्यांतील एक धारवाड येथील कृषि विद्यापीठानें व तेथीलच आय. आय. टी. या संस्थेनें मिळून तयार केला होता. तो कशाचा? मूग आणि मेथी यांस अंतराळांत मोड आणण्याचा. ज्या मुगास आमच्या माताभगिनी रात्रीं भिजवून फडक्यांत बांधून ठेवतात, त्याच मुगास भाररहित अवस्थेंत मोड कसे येतात, आणि त्यांतील पोषक सत्त्वांत काय फरक पडतो, हें पाहावयाचें होतें. पुढें दूरच्या प्रवासास जाणाऱ्या कोणत्याहि देशाच्या वीरास ताजें अन्न मिळण्याच्या दृष्टीनें हें ज्ञान उपयोगी पडेल. यान अमेरिकेचें, सोबती पोलंड व हंगेरी या देशांचे, आणि प्रश्न धारवाडच्या मातींतून निघालेला! थुंब्यास जी रीत सुरू झाली तीच ही रीत. तेव्हां आम्हीं जागा दिली, आतां आम्ही विचार व प्रयोग देतों. पंक्तींत बसतांना प्रत्येकानें आपल्या घरचें कांहीं तरी आणावें, मग तें थोडें कां असेना. म्हणजे कोणी पाहुणा राहत नाहीं, सर्वच घरचे होतात.

चंद्रावरील एका विवरास १९७३ सालीं साराभाई हें नांव देण्यांत आलें. २०१९ सालीं भारतानें चंद्रावर उतरविण्यासाठीं धाडलेल्या यानास 'विक्रम' असें नांव दिलें; तें उतरतांना कोसळलें. पुन्हां प्रयत्न झाला, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीं त्याच नांवाचें दुसरें यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील भागांत सुखरूप उतरलें. चंद्राच्या शर्यतींत धांवण्याची ज्यांस मुळींच घाई नव्हती, त्यांचें नांव अशा रीतीनें चंद्रावर पोंचलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं साधनांची वाण आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. कोणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कोणाची आई विड्या वळून घर चालविते, कोणी कोरडवाहू शेतकऱ्याचें लेंकरूं आहे. आपल्यापाशीं काय नाहीं याची यादी करावयास बसलां तर ती कधीं संपणार नाहीं. विक्रमभाईंनीं देशासाठीं जें केलें तें तुम्हीं स्वतःसाठीं करावें, एवढीच आमची इच्छा आहे. आपल्यापाशीं असें काय आहे कीं जें दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल, हा प्रश्न स्वतःस विचारा. ज्यास अधिक येतें त्याच्याकडून निःसंकोचपणें शिका. शिकलेलें आपलें करून दाखवा. आणि ज्याच्या त्यागावर आपलें काम उभें आहे त्या थुंब्याच्या कोळ्यास विसरूं नका. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलानें रात्रीं गच्चीवर किंवा अंगणांत उभें राहून आकाशांतून सरकत जाणारा एखादा तेजस्वी ठिपका दाखविला, तर त्यास अभ्यास सोडून काय पाहतोस म्हणून रागावूं नये. तो ठिपका कदाचित् तें अंतराळस्थानकच असेल, आणि त्याकडे पाहणें हाहि अभ्यासच आहे.